ब्रेक पाइपसाठी साधी तांब्याची नळी नको

महोदय,

दिवे घाटात किंवा नवले पुलाच्या उतारावर मालवाहू गाडीला अपघात झाला की बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे छापून येते आणि विषय तिथेच मिटतो. गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या चालकांच्या सवयीवर पुष्कळ टीका होते व ती रास्तच आहे. परंतु ब्रेकमधले नेमके काय निकामी झाले, याची चौकशी सहसा होत नाही. घरच्या अंगणात जुनी टाटा ४०७ पुन्हा उभी करताना जे पाहण्यात आले, त्यावरून ब्रेक पाइपबद्दल, म्हणजे ब्रेकचे तेल चाकांपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांबद्दल, थोडे लिहितो. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांची गोष्ट निराळी. हे ऑइल ब्रेकच्या लहान गाड्यांपुरते आहे.

गंजलेल्या पाइपांच्या बदली शहरातील एका दुकानात, आणि पुढे एका गॅरेजमध्येही, एसीच्या कामाची मऊ तांब्याची नळी पुढे करण्यात आली. ती हाताने वाकते, गंजत नाही, हे खरेच. पण चेसिसच्या सततच्या कंपनांनी शुद्ध तांबे कडक होत जाते आणि बहुधा नटाच्या मागेच त्याला बारीक चीर पडते. गंजाचीच भीती असेल, तर सुमारे १० टक्के निकेल मिसळलेल्या तांब्याची नळी याच कामासाठी बनते. नाहीतर पोलादी पत्र्याची दुपदरी नळी आहेच.

खरी मेख नळीच्या तोंडाशी आहे. एसीवाल्यांच्या हत्याराने तोंड एकदाच फाकवले जाते, त्यामुळे नट आवळला की सगळा भार पत्र्याच्या एका पदरावर येतो व पोलादी नळीचे तोंड तर फाकवतानाच तडकू शकते. ब्रेकसाठी ‘डबल फ्लेअर’, म्हणजे कड दुहेरी दुमडलेले तोंड, लागते. नळी कटरने सरळ कापायची, आतली-बाहेरची धार काढायची, नट आधीच ओवून घ्यायचा (हे विसरले की केलेले तोंड कापून टाकण्यावाचून गत्यंतर नसते), मग साच्याने तोंड आधी फुगवायचे आणि नंतर शंकूने तीच कड आत दुमडायची. नीट जमले तर कड गोल, सारखी आणि दुहेरी दिसते. एका बाजूला सरकली असेल तर ते तोंड वापरूच नये. जोरात ब्रेक दाबल्यावर या नळीत दर चौरस इंचाला हजार पौंडांहून अधिक दाब येऊ शकतो, आणि एकेरी मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल नळ्यांत ढकलणारा भाग) जुन्या गाड्यांत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

योग्यता तपासणीत रोलरवर ब्रेकचा जोर मोजला जातो, तो त्या दिवसापुरता. नळी कशाची आहे हे त्यावरून कळत नाही. परिवहन विभागाने जुन्या गाड्यांखाली बॅटरी घेऊन पाहण्याचा, निदान नळीला लोहचुंबक लावण्याचा नियम करावा. चुंबक चिकटले नाही, तर नळी निकेलमिश्रित असल्याचे बिल मालकाकडे मागावे. विक्रेत्यांनीही ब्रेक पाइप म्हणून एसीची नळी देणे थांबवावे.

– एक वाचक, धनकवडी, पुणे