लिंकची मुदत संपूनही फाइल उघडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: शेअर केलेल्या लिंकला लावलेली मुदत पाळली न जाणे

महोदय,

आमच्या ऑफिसातून ग्राहकांचे करार, ओळखपत्रांच्या प्रती आणि हिशेबाचे कागद तुमच्या सॉफ्टवेअरमधून लिंकने पाठवले जातात. लिंकला मुदत लावता येते, म्हणूनच आम्ही सशुल्क प्लॅन घेतला. नेमकी तीच सोय धड चालत नाही.

कॅलेंडरात ३० तारीख निवडली, की ३० चा पूर्ण दिवस लिंक चालेल असंच कुणीही धरून चालेल. तुमच्याकडे मात्र २९ तारीख संपली की लिंक बंद. वेळ निवडायची सोय नाही, टाइम झोन कुठला धरलाय तेही स्क्रीनवर दिसत नाही. वर समोरच्याला 'मुदत संपली' असं न सांगता 'फाइल सापडली नाही' असा मेसेज येतो. मग ग्राहक आम्हालाच विचारतात, फाइल का काढून टाकली?

हे एक वेळ निभावून नेता येईल. पण मुदत वाढवून 'सेव्ह' केलं की नवी लिंक तयार होते आणि जुनी तशीच जिवंत राहते, तीही बेमुदत! 'शेअर केलेल्या लिंक' या यादीत फक्त नवी दिसते, त्यामुळे जुनी बंद करायची तरी कुठून? एका ग्राहकाच्या ओळखपत्राची अशी जुनी लिंक मी इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे आमच्या खात्याचं लॉगिन लागू नसलेल्या ब्राउझर विंडोत, उघडली. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, प्रत थेट समोर. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तरी लिंक चालूच. ज्यांनी विश्वासाने कागद दिले, त्यांना मी काय सांगायचं?

तुमच्या सपोर्टकडून 'कॅशे क्लिअर करा', म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या प्रती पुसा, एवढंच उत्तर आलं. आमच्या खात्यात कधीही लॉगिन न केलेल्या फोनवरही तीच लिंक उघडते, तेव्हा कॅशेचा इथे संबंध नाही. हे कळवूनही आमच्या तक्रारीचं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद केलं गेलं, याचा जास्त राग आहे.

दुरुस्ती कराल तेव्हा मुदतीसोबत वेळ आणि टाइम झोन दाखवा, आणि मुदत बदलली तरी लिंक तीच राहू द्या. पण त्याची वाट न पाहता आमच्या खात्यावरच्या सगळ्या जुन्या लिंक आधी तुमच्या बाजूने बंद करा. मुदत उलटल्यावर त्या कुणी आणि केव्हा उघडल्या, याची नोंद आम्हाला लेखी द्या. ग्राहकांना ते कळवणं आमचं कर्तव्य आहे.

आपला,
एक सशुल्क खातेदार