काकू, तुम्ही वेळेवर फोन केलात

ती. काकूंस,
शि. सा. नमस्कार.

समुद्रात अडकलेल्या आम्हाला तटरक्षक दलाने शोधलं, असं सोसायटीत सगळे म्हणतात. खरंच आहे, आणि त्यांचे आभार मी मानले आहेत. पण आम्हाला शोधायला हवं, हे त्यांना कळवलंत तुम्ही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

हौसेने शिडाच्या होड्या चालवणाऱ्या आमच्या मंडळींत वाद नेहमीचाच: निघण्याआधी कोस्टगार्डला बेत कळवायचा का? काहींना वाटतं, त्यांच्या कामात आपल्या सहलीची भर कशाला. मी म्हणतो, कळवावा, रात्रीचा पल्ला असेल तर नक्कीच. पण आपण पोचलो नाही हे ठरल्या वेळी ओळखणारं माणूस किनाऱ्यावर हवंच, नाहीतर बेताचा कागद नुसता पडून राहतो.

या वेळी मांडव्याहून मुरूड, मुरूडहून हर्णे, असा मार्ग मी तुम्हाला सांगितला. बाकीचं तुम्ही पेन घेऊन एकेक विचारून काढलंत. माणसं किती? होडीचा रंग कोणता? डिझेल किती? वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिराल? "बाणकोट" म्हटल्यावर तेही लिहिलंत. आणि खाली, मोठ्या अक्षरांत: रात्री आठपर्यंत फोन नाही, तर 1554, म्हणजे तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर.

श्रीवर्धनच्या पुढे जाळ्याचा दोर होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंतला. संध्याकाळी वारा पडला, मोबाईलला रेंज नाही, हातातल्या व्हीएचएफ रेडिओवर कोणी उत्तर देईना. आठ वाजल्यावर तुम्ही "अजून अर्धा तास बघू" म्हटलं नाहीत. काकू, तो अर्धा तास फार महाग असतो. तासाला दोन सागरी मैल वाहणारी होडी सहा तासांत बारा मैल त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते, म्हणजे जवळजवळ साडेचारशे चौरस सागरी मैल पाणी. वेळ दुप्पट झाली की ते चौपट होतं. तुमच्याकडून त्यांना मार्ग मिळाला, मुरूडहून निघाल्याची वेळ मिळाली, होडीचा रंग मिळाला. त्या पट्ट्यातल्या मच्छीमारांना रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर निरोप गेला आणि हर्णेच्या एका ट्रॉलरने आम्हाला ओढून आणलं. त्या तांडेलांचेही उपकार आहेत.

बंदरातून मी फोन केला, तेव्हा तुम्ही आधी 1554 ला "मंडळी पोचली" असं कळवलंत आणि मग रडलात. शोध थांबवायला सांगणं त्या घडीला फार थोड्यांना सुचतं.

पावसाळा सरला की मालवणपर्यंत जायचं आहे. रात्रीचे पल्ले आहेत, म्हणून बेताची एक प्रत तटरक्षक दलाला देणार. दुसरी तुम्हाला. रविवारी घेऊन येतो, काय विचारायचं ते विचारा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा