अर्ज देण्याआधी हे वाच

औसा, जि. लातूर

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

सैन्यातली नोकरी सोडण्यासाठी तू लिहिलेला अर्जाचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला. नोकरी सोडू नको, असं मी म्हणत नाही. पण हा कागद असाच्या असा वर दिलास तर काम तर होणार नाहीच, वर तुझ्या तुकडीत, सगळ्या कंपनीत चर्चा होईल.

आधी वरचं 'राजीनामा' काढ. राजीनामा अधिकारी देतात, जवान डिस्चार्ज मागतो. सैन्य नियम १९५४ मधला नियम १३ त्यासाठी आहे. भरतीची मुदत संपायच्या आत स्वतःच्या विनंतीवरून जाणाऱ्याची त्यात वेगळी तरतूद आहे. मंजुरी सीओसाहेबांच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या हातात, आणि तुझ्या जाण्यानं युनिटची संख्या फार घटत नाही ना, हेही त्यांना बघावं लागतं. विनंतीचा कागद आहे तो, आणि तू त्यात दोन पानं भांडलायस.

सुभेदारसाहेबांनी सुट्टी कापली, कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला नाव घातलं नाही. खरं असेल. मी आयुष्यभर युनिटचा क्लार्क होतो, असे कागद माझ्या टेबलावरून गेलेत. राग लिहिला की अर्जाची तक्रार होते, तक्रारीची चौकशी लागते आणि मूळ मागणं फायलीत तळाला जातं. तक्रारच करायची असेल तर आर्मी अ‍ॅक्टचं कलम २६ आहे, ती खुशाल वेगळी कर. दोन्ही एका कागदात कालवू नको.

आणि माझं आजारपण! 'वडील अंथरुणाला खिळलेले, शेती बघायला कोणी नाही.' अरे, परवाच शेतातल्या आखाड्यावर तुरीला फवारा मारला मी, पाठीवर पंप घेऊन. कौटुंबिक अडचण लिहिली की युनिट खात्री करून घेतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून, तहसीलकडून. चौकशीला आलेला माणूस पारावर विचारणार, आणि पारावरची मंडळी सांगणार, 'आप्पा ना? ते काय, पंप घेऊन चाललेत.' मग तुझं खरं कारणही कोणी खरं मानणार नाही.

खरं कारण तू फोनवर सांगितलंस ते. सूनबाई लातुरात भाड्याच्या खोलीत दोन लेकरं घेऊन एकटी, थोरल्याचं बोलणं अडखळतं, दर आठवड्याला उपचाराला न्यावं लागतं. हे लिहायला लाज कसली? डॉक्टरांचे कागद आहेत, तेच जोड.

आता पैशाचं. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची नोकरी लागते, तुझी १३ झालीत. आज निघालास तर ग्रॅच्युइटी, फंडातले पैसे आणि ग्रुप इन्शुरन्सचं जे असेल ते हातात पडेल. पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची उपचाराची सोय नाही. माजी सैनिकाच्या जागेवर भरती होऊ म्हणतोस, पण स्वतःहून डिस्चार्ज घेणारा पेन्शन मिळवून आला असेल तरच केंद्राच्या नियमात माजी सैनिक धरला जातो. १५ भरून निघालास तर पेन्शन आहे. मात्र नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानं स्वतःहून जाणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनमधून (सारख्या हुद्द्याला, सारख्या नोकरीला सारखी पेन्शन) वगळलंय. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात, म्हणून आजचा नियम रेकॉर्ड ऑफिसला लेखीच विचार. बराकीतल्या वकिलांचं ऐकू नको, ते प्रत्येक युनिटमध्ये असतात.

शेतीच्या भरवशावर तर येऊच नको. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, आपल्या मालाला आडतीवर तेवढा लागला नाही. कास्तकारीत महिन्याच्या महिन्याला काही येत नसतं.

माझं ऐकशील तर हेच कारण, हेच कागद लावून आधी कंपॅशनेट पोस्टिंग, म्हणजे घरच्या अडचणीवरून बदली माग. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब ठेवता येतं अशा शांत ठिकाणी क्वार्टर मिळालं तर लेकरं जवळ येतील, मिलिटरी हॉस्पिटलही हाताशी राहील, आणि राहिलेली दोन वर्षं निघतील. तेही नाकारलं तर मग डिस्चार्जचा अर्ज दे, पण एका पानात. नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख. मग एवढंच: 'मुलाच्या उपचारासाठी माझं घरी असणं गरजेचं आहे. कंपॅशनेट पोस्टिंग मागितली होती, ती मिळू शकली नाही. पेन्शन मिळणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मिळावा.' खाली सही, तारीख, आणि प्लॅटूनमार्गे वर. एक प्रत स्वतःजवळ ठेव. सीओसाहेबांपुढे उभा राहशील तेव्हा कागदावर आहे तेवढंच बोल. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा रकाना असतो, तिथं 'एक्झेम्प्लरी', म्हणजे सगळ्यात वरचा शेरा पडला पाहिजे. पुढं बँकेत सिक्युरिटीला गेलास तरी आधी तेच बघतात.

आणि सुट्टीवर येऊन परतच न जाणं, जसं तू परवा चिडून बोललास, ते डोक्यातून काढ. ३० दिवस गैरहजर राहिलास की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि भगोडा ठरवतात. मग तेरा वर्षांच्या नोकरीवर पाणी पडू शकतं.

दुरुस्त केलेला अर्ज आधी मला पाठव. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुझं तूच सांग, आणि फोनवर नको, सुट्टीत आल्यावर.

तुझे,
आप्पा