खडकात कार्बन मुरवण्याआधी मराठवाड्याचे पाणी मोजावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तापमानवाढीला कारण ठरणारा कार्बन डायऑक्साइड वायू बेसाल्ट या काळ्या पाषाणात मुरवून त्याचा कायमचा दगड करता येतो आणि त्यासाठी दख्खनचे पठार उत्तम आहे, असे अलीकडे वरचेवर वाचनात येते. देशातील बेसाल्टची साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन सांगितली जाते. भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेल्याने मला या कल्पनेचे अप्रूप आहे. परंतु तिचा हिशेब मांडताना मराठवाड्याचे पाणी आणि माती कोणी जमेस धरत नाही, म्हणून हे पत्र.

ही प्रक्रिया आपल्याकडील विहीर खोदणाऱ्यांनी नकळत पाहिलेली असते. काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या, म्हणजे बेसाल्टचाच सच्छिद्र थर, लागला की त्याच्या छिद्रांत पांढरे खडे भरलेले दिसतात. त्यांतील काही झिओलाइट, काही गारगोटी, तर काही कॅल्साइट असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड झाल्यानंतर त्यात झिरपलेल्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड आणि खडकातून सुटलेले कॅल्शियम यांच्या संयोगातून हे कॅल्साइट तयार झाले. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने हेच काम घाईने करून दाखवले. २०१२ मध्ये तेथे पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडण्यात आला आणि दोन वर्षांच्या आत त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिज झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर या कामाला शेकडो वर्षे लागतील असे मानले जात होते.

आता पाण्याकडे वळू. या पद्धतीत एक टन वायूसाठी साधारण २५ टन पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीत ५ लाख लिटर पाणी होते. त्या सगळ्या पाण्यात २० टन वायू मावला असता. परळीच्या औष्णिक केंद्रातील २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला ढोबळमानाने अडीचशे टन वायू बाहेर टाकतो. म्हणजे ती अख्खी गाडी त्या एका संचाला पाच मिनिटेही पुरली नसती. आणि हेच केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. खाली सोडलेले पाणी पुन्हा उपसून वापरता येते, शिवाय समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग झाले आहेत, हे मान्य. पण समुद्र काही परळीला येत नाही.

यावर पाण्याविना वायू सोडण्याचा मार्ग सुचवला जातो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वालुला येथे २०१३ मध्ये सुमारे १००० टन वायू अशाच रीतीने बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. मात्र त्यासाठी वायू दाबाखाली दाट राहील इतकी, साधारण ८०० मीटर खोली लागते आणि त्याच्यावर वायू न झिरपू देणारा थरही लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल विवरात बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली जेमतेम काही मीटर गाळ आणि मग प्राचीन पायाभूत खडक लागला. ३३८ मीटर म्हणजे सुमारे ११०० फूट. पाण्यासाठी हजार फुटांच्या आसपासचे बोअर घेणारे शेतकरी आज आपल्या ओळखीत असतात. ज्या खडकाला आपण कार्बनची कोठी म्हणू पाहतो, त्याच्या तळापर्यंत आपली तहान पोहोचली आहे. पठार किती चौरस किलोमीटर पसरले आहे यावरून क्षमता काढणाऱ्यांनी ते कोठे किती जाड आहे हेही सांगावे.

दुसरी पद्धत बेसाल्टची बारीक भुकटी शेतात पसरण्याची. पावसाच्या पाण्यात विरघळलेला वायू तिच्याशी संयोग पावून बायकार्बोनेट या विरघळलेल्या क्षाराच्या रूपाने नदीवाटे समुद्राला मिळतो. इलिनॉयमध्ये मका-सोयाबीनच्या शेतात चार वर्षे दरवर्षी हेक्टरी ५० टन भुकटी घातल्यावर उत्पन्न १२ ते १६ टक्के वाढले. हेक्टरी ५० म्हणजे एकरी २० टन, साधारण एक हायवा भरून. तेथील जमीन आम्लधर्मी होती. आपली काळी जमीन मुळात याच खडकाची झीज होऊन बनलेली, बहुतांशी विम्लधर्मी आणि ठिकठिकाणी चुनखडीयुक्त आहे. अशा मातीत भुकटी सावकाश विरघळते आणि बायकार्बोनेटचा चुना जमिनीतच बसला, तर धरलेला निम्मा वायू पुन्हा सुटतो. चुनखडीच्या रानात सोयाबीनवर केवडा पडतो, म्हणजे लोहाअभावी पाने पिवळी पडतात, तेव्हा शेतकऱ्याला लोह फवारावे लागते. तेथे आणखी कॅल्शियम ओतण्याआधी कोणीतरी विचार करायला हवा. कोकणातील आम्लधर्मी जमीन आणि तेथील पाऊस या प्रयोगाला अधिक मानवेल, असे मला वाटते.

मागील उन्हाळ्यात आमच्या शिवारात एका संस्थेचा प्रतिनिधी आला होता. क्रशरची भुकटी फुकट, वाहतूकही त्यांचीच. फक्त कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे धरलेल्या वायूच्या विकता येणाऱ्या श्रेयाच्या, कागदावर सही हवी. कागद इंग्रजीत होता. मातीचा सामू (पीएच) किती, असे मी विचारले, तेव्हा ते नंतर तपासू, असे उत्तर मिळाले.

माझी विनंती अशी की, परभणीच्या कृषी विद्यापीठाने भारी, मध्यम आणि चुनखडीयुक्त अशा तिन्ही जमिनींत किमान तीन खरीप हंगाम या भुकटीच्या चाचण्या घ्याव्यात आणि शेताबाहेर जाणाऱ्या पाण्यातील बायकार्बोनेट मोजावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने बेसाल्टची जाडी व जलधर थर दाखवणारे तालुकावार नकाशे लोकांपुढे मांडावेत. तोपर्यंत शेतकऱ्यांशी होणारे असे करार मराठीत असावेत आणि क्रेडिटच्या रकमेतील शेतकऱ्याचा वाटा त्यात आकड्याने लिहिलेला असावा. आमच्याकडे आलेल्या कागदात ती जागा कोरी होती. सही न करता मी तो गावच्या कृषी सहायकांकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई