कोनाडा नसेल तर स्टेम सेल टिकणार कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला स्टेम सेलवरचा (म्हणजे स्वतःसारख्या पेशीही बनवत राहते आणि वेगळं काम करणाऱ्या पेशीही घडवते अशा मूळ पेशीवरचा) लेख वाचला, आवडला, पण त्यात एक गोष्ट राहून गेलीय आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून लिहितेय. लेख वाचून असं वाटतं की स्टेम सेल ही जात्याच अमर असते, कुठेही नेऊन सोडा, ती आपलं काम करणारच. तसं नाहीये हो. ती शेजाऱ्यांच्या जिवावर स्टेम सेल राहते, आणि हे अगदी स्वच्छ दिसतं ते पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या वृषणात. (आंब्याला लागणारी फळमाशी वेगळी, दोघींची कायम गल्लत होते.)

एमएस्सीला असताना मी ही वृषणं कितीतरी वेळा काढलीत. काचेवर सलाईनचा थेंब, त्यात नर, दोन बारीक चिमटे, पोटाचं टोक हळूच ओढलं की पिवळसर, स्क्रूसारखी वळलेली नळी बाहेर येते. ती मधे फाटली की शुक्राणूंचे केसांसारखे झुपके वळवळत बाहेर पडतात, सगळे तिकडेच बघत बसतात, पण खरी गंमत असते नळीच्या बंद टोकाला. तिथे साधारण 10-12 पेशींचा एक गठ्ठा असतो, त्याला हब म्हणतात. त्याला चिकटून 8-10 जननपेशींच्या स्टेम सेल, आणि त्यांना वेढून दुसऱ्या प्रकारच्या स्टेम सेल, ज्यांच्यापासून पुढे शुक्राणूंच्या पिल्लांना गुंडाळणाऱ्या पेशी तयार होतात. या सगळ्या बंदोबस्ताला निश म्हणतात. आपल्याकडे भिंतीत कोनाडा असतो ना, अगदी तेच.

हब अनपेअर्ड नावाचं एक प्रोटीन सोडतं, ते जवळच्या पेशींना मिळतं आणि त्यांच्यात जॅक-स्टॅट नावाची यंत्रणा चालू होते. 2001 साली दोन गटांनी हे दाखवलं. हा निरोप बंद पडला की स्टेम सेल संपतात, आणि उलट सगळीकडे सोडला तर वृषण अर्धवट पेशींनी भरून जातं. स्टेम सेल दुभागते तेव्हा एक मुलगी हबला धरून राहते, दुसरी दूर ढकलली जाते, आणि ही दूर गेलेली मग 4 वेळा दुभागून 16 पेशी करते, पुढे त्यातून 64 शुक्राणू होतात. म्हणजे बहिणी एकाच आईच्या, नशीब ठरतं ते कोण कोनाड्यात राहिली त्यावर!

मला सगळ्यात जास्त भावलेला प्रयोग 2004 चा. स्टॅट, म्हणजे त्याच जॅक-स्टॅट यंत्रणेतलं प्रोटीन, काही काळ बंद केलं, स्टेम सेल गेल्या, हबभोवती जागा रिकामी, मग परत चालू केलं तर पुढच्या वाटेला लागलेल्या पेशी सुट्या होऊन मागे आल्या, हबला चिकटल्या आणि पुन्हा स्टेम सेल झाल्या. वय झाल्यावर हबचा निरोपच क्षीण होतो आणि स्टेम सेल कमी होतात, मग दोष एकट्या पेशीला कसा द्यायचा?

कोनाड्याची ही कल्पना मुळात स्कोफिल्ड या शास्त्रज्ञांनी 1978 साली रक्ताच्या स्टेम सेलबद्दल मांडली होती. बोन मॅरो ट्रान्सप्लांट यशस्वी होतं त्यातही हेच आहे, रक्तातून सोडलेल्या पेशी मॅरोत जाऊन आपली जागा शोधतात, ती जागा शरीरात आधीपासून असते. परवा माझ्या आत्येभावाला एका क्लिनिकमध्ये गुडघ्यात स्टेम सेल सोडून घ्या म्हणून सांगितलं, मोठी रक्कम सांगितली. मी त्याला म्हटलं, एवढंच विचार, त्या तिथे बसणार कुठे, त्यांना धरून कोण ठेवणार आणि निरोप कोण देणार. तो विचारून आला, उत्तर मिळालं नाही, त्याने पैसे भरले नाहीत. पण असे किती लोक विचारतात? तुमच्या लेखात या जागेबद्दल दोन ओळी असत्या तर कितीतरी जणांना हा प्रश्न सुचला असता.

म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत चिलटाच्या वृषणाच्या त्या बंद टोकाचा मायक्रोस्कोपमधला एक रंगीत फोटो छापा. मधोमध हब आणि त्याच्याभोवती पाकळ्यांसारख्या लागलेल्या स्टेम सेल, शाळेतल्या पोरांनाही बघताक्षणी कळेल.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका, सातारा