पाय चुकला नव्हता, हे शोधून देणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅरेजमधून दुरुस्त गाडी घेऊन निघताना बाबा तुमच्यासमोर हात जोडून उभे राहिले, पण त्यांना काही बोलता आलं नाही आणि मलाही नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही केलंत ते इतर गाडीवाल्यांच्या, आणि खरं तर इतर मेस्त्र्यांच्याही कानावर जायला हवं.

बाबांची तक्रार साधी होती. सिग्नलला गाडी उभी असताना, ॲक्सिलेटरवर पाय नसताना रेस आपोआप चढायची. दुसऱ्या गिअरला हळू जाताना पाय काढला तरी गाडी पुढे ओढायची, आणि ब्रेक दाबावा तर पेडल दगडासारखं. सकाळी थंड गाडीत काहीच नाही, इंजिन तापलं की सुरू. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, एरर कोड आला नाही, म्हणजे गाडीत दोष नाही असं ठरवलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, वय झालं की होतं असं. ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर पाय पडतो."

हे कुणाला सांगितलं, तर एसटीत घाटाच्या रूटवर नोकरी काढलेल्या माणसाला. कराड–चिपळूण गाडी घेऊन कुंभार्ली घाट धुक्यात, पावसात, रात्री उतरवलेल्या माणसाला. घरातही चावी काढून घ्यायची भाषा सुरू झाली. मला ते पटत नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. बाबा कुणाशी भांडले नाहीत. ते स्वतःच गाडी काढेनासे झाले. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

तुम्ही आधी विचारलंत, "डायव्हरसाहेब, रेस चढते तेव्हा पाय कुठं असतो? ब्रेक दाबल्यावर काही आवाज येतो का?" तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, "पाय ब्रेकवरच असतो. आणि बॉनेटमधून सूं असा आवाज येतो."

तरीही तुम्ही लगेच मान डोलावली नाहीत, आणि यासाठी माझ्या मनात तुमच्याबद्दल दुप्पट आदर आहे. आधी पायाखालचं मॅट ओढून पाहिलंत, ते हुकात नीट अडकलंय ना, पेडल सोडल्यावर झटकन वर येतं ना. मग बाबांना गाडी चालवायला लावून शेजारी बसलात आणि त्यांचे पाय बघत राहिलात. "पाय चांगल्याचांगल्यांचे चुकतात, म्हणून आधी तेच बघतो," असं त्यांना तोंडावर सांगितलंत. बाबांना त्याचा जराही राग आला नाही. तपासून बोलणं आणि वय बघून बोलणं यातला फरक त्यांना कळतो.

त्यानंतरची तपासणी मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण ती कुणालाही घरी करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चारपाच वेळा दाबायचा, पेडल कडक होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करायची. बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला जोड देऊन ब्रेक हलका करणारा भाग, ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. आमचं जागचं हललं नाही. तुम्ही बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप इंजिनच्या बाजूने पक्कडीत धरून दाबलात, आणि चढलेली रेस तिथल्या तिथे उतरली. पाइप काढल्यावर वळणाच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशी चीर निघाली. रबर तापून मऊ झालं की ती उघडायची.

एकाच चिरेने रेसही चढते आणि ब्रेकही कडक होतो, हे तुम्ही समजावलंत तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला जोर मिळतो तो इंजिन हवा ओढतं त्या ओढीतून. पाइप फुटला की बूस्टरची ओढ जाते, म्हणून पेडल कडक. आणि त्याच चिरेतून जादा हवा इंजिनात शिरते, म्हणून रेस वर. डिझेल गाडीत या ओढीसाठी वेगळा पंप असतो, तिथे हे असंच होईल असं नाही, हेही तुम्ही सांगितलंत. बाबा लगेच म्हणाले, एसटीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, पण तिथे निदान हवेचा काटा समोर असतो, हवा भरल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नव्हतो. कारमध्ये तसा काटाच नाही.

घरी येऊन मी या विषयावर बरंच वाचलं. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारी होत्या. १९८९ च्या सरकारी अहवालाने बहुतेक घटनांचं कारण चुकलेला पाय असं दिलं. पण ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलचं मॅट टाकलेलं होतं, त्यात ॲक्सिलेटर अडकला आणि चार जण गेले. पुढे नासाच्या इंजिनिअरांनीही टोयोटाच्या गाड्या तपासल्या. २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण अडकणारी मॅट आणि चिकटणारी पेडल हे दोष खरे ठरले. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल टोयोटाने १२० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. म्हणजे पाय चुकतो हेही खरं, आणि गाडी चुकते हेही. कुठलं ते बॉनेट उघडण्याआधी ठरवणं मला माणसावर केलेला अन्याय वाटतो, आणि तो म्हाताऱ्या माणसांवर आणि गाडी चालवणाऱ्या बायकांवर सर्रास होतो.

गाडी कधी सुटलीच तर काय करायचं, ते तुम्ही बाबांना नाही, मला शिकवलंत. ब्रेक एकदाच पूर्ण ताकदीने दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. सोडून परत परत दाबायचा नाही, कारण बूस्टरमध्ये साठलेली ओढ एकदोन दाबांतच संपते, आणि ॲक्सिलेटर पूर्ण उघडा अडकला असेल तर नवी ओढ तयार होत नाही. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, इंजिन कितीही ओरडलं तरी ओरडू द्यायचं. चालत्या गाडीत चावी ओढून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. आणि उतारावर तेल वाचवायला न्यूट्रल टाकायचा नाही. हे शेवटचं तुम्ही आणि बाबा एकदमच बोललात.

पाइप आणि त्यातला वॉल्व्ह बदललात, काळं पडलेलं ब्रेक ऑइलही बदललंत, आणि जुना पाइप आमच्या हातात दिलात. बिल मात्र पाइप, वॉल्व्ह आणि ऑइलचंच. मजुरी विचारली तर म्हणालात, डायव्हरसाहेबांकडून नाही घेणार. चाचा, ती आम्ही देणार आहोत, त्यावर आता तुमचं काही ऐकणार नाही. बाबांनी परवा आईला घेऊन गाडी पाटणपर्यंत नेली आणि आणली. मागचे ब्रेक शू बघायचे राहिलेत म्हणाला होतात. पुढच्या आठवड्यात बाबा स्वतः गाडी घेऊन येतील. मीही सोबत आहे.

आपली,
तुमच्या डायव्हरसाहेबांची मुलगी