एकट्या झाडाचे चित्र

महोदय,

येथील एका लहानशा प्रदर्शनात आयर्लंडच्या लोकसमजुतींवरील चित्रे पाहिली. त्यांत शेतामधल्या एकट्या, काटेरी हॉथॉर्नच्या बुंध्याभोवतीची जमीन चित्रकाराने न नांगरलेली दाखवली होती. हे झाड परींचे, ते तोडणाऱ्याचे बरे होत नाही, ही तिथली समजूत इतकी खोल आहे की १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत अशा एका झाडासाठी मोहीम होऊन नियोजित रस्त्याच्या आखणीत बदल झाला. (मुंजाच्या पिंपळाला हात लावायला आपल्याकडेही माणूस कचरतोच.) ‘माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात’ ही आयरिश म्हणही एका चित्रात होती. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या या कलानगरीतील संस्थांनी आपल्या देवराया, मुंजा, आसरा यांच्या कथा वृद्धांकडून आताच उतरवून घेऊन विद्यार्थ्यांकडून चित्रमालिका करवून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक कलाशिक्षक, कोल्हापूर